हलकं झालेलं दार

१

गाडीवर चार गोळ्या झाडल्या गेल्या होत्या. तीन जिथे अडायला हव्यात तिथेच अडल्या. सगळं दुखणं चौथीचं होतं.

पोलीस ठाण्याच्या मागच्या आवारात, जप्त केलेल्या मोटरसायकलींच्या शेजारी ती गाडी उभी होती. बाहेरून बघाल तर अगदी साधी, राखाडी, कुणाचं दुसऱ्यांदा लक्ष जाऊ नये अशी. आतून मात्र तिला चिलखत चढवलेलं होतं. दारांत पोलादी पत्रे, काचा दोन बोटं जाड आणि न उघडणाऱ्या, हवा गेली तरी पळत राहतील असे टायर. सीटखाली आग विझवायचं सिलिंडर, पाणी, दोर, काच फोडायची हातोडी आणि मलमपट्टीची भलीमोठी पेटी. एवढा जामानिमा करून घेणारा माणूस होता एक वकील. बड्या धेंडांच्या विरुद्ध खटले चालवायचा, त्यामुळे धमक्या यायच्या, आणि धमक्या नुसत्या तोंडच्या नव्हत्या. म्हणून हे चिलखत. आणि तरीही तो गेला. मागच्या डाव्या दारातून आरपार आलेल्या गोळीने गेला, चालत्या गाडीत, स्वतःच्या आईच्या शेजारी बसलेला असताना.

तपास ज्यांच्याकडे होता त्या इन्स्पेक्टर बाईंना ठाण्यात सगळे पाठीमागे जळूबाई म्हणत. एकदा चिकटल्या की सुटत नाहीत म्हणून. त्यांना ते माहीत होतं आणि मनातून आवडतही होतं, पण तोंडावर कुणी म्हणायची हिंमत केली नव्हती, तेव्हा ते एक राहिलंच होतं. त्यांचे गुडघे कुरकुरायचे, चहा त्यांना कायम थंडच मिळायचा, आणि घाईघाईने सोडवलेल्या केसचा त्यांना मनस्वी तिटकारा होता.

आणि ही केस त्यांच्या वरच्या साहेबांनी घाईघाईने सोडवून टाकली होती.

"यात काय आहे एवढं?" साहेब म्हणाले होते. "गोळ्या झाडणारे दोघं आत आहेत. तीन दारांत पोलाद आहे, चौथं पोकळ. नेमकं त्याच दारामागे वकील बसतो. म्हणजे ज्याने गाडी बनवली त्यानेच दार पोकळ ठेवलं आणि त्यानेच मारेकऱ्यांना सांगितलं. उद्या दुपारी त्याला खुनातला साथीदार म्हणून कोर्टात उभा करा."

गाडीला चिलखत चढवणारा तो कारागीर, त्याला सगळे कासवदादा म्हणत. तो कोठडीत होता. त्याची बायको सकाळपासून बाहेरच्या बाकावर बसली होती. कुणी हाकललं की उठायची, पाठ वळली की परत बसायची.

जळूबाई गाडीभोवती फिरल्या. त्यांनी बोटांच्या सांध्यांनी एकेक दार वाजवून पाहिलं. पुढची दोन्ही आणि मागचं उजवं ठप, ठप वाजली, भिंतीवर टकटक केल्यासारखी. मागचं डावं मात्र ठण्ण वाजलं. ते उघडलंही लगेच. बाकीची दारं उघडताना त्यांच्या खांद्यातून कळ गेली होती.

दार बंद करताना त्यांना वरच्या कडेला काहीतरी दिसलं. चौकटीचा रंग वरच्या बाजूने खरवडला गेला होता. उरलेल्या तिन्ही दारांच्या चौकटी त्यांनी पाहिल्या, तिथे एक ओरखडा नव्हता.

नव्या बिजागऱ्यांवर बसवलेलं दार वरून घासतंय कशाला?

२

"घासणारच," कासवदादा कोठडीच्या गजाआडून म्हणाला. "बनवलं तेव्हा घासत नव्हतं."

पन्नाशीचा, मान खांद्यांत घातलेला, बोलायला कंजूष माणूस. खरं तर धंद्यामुळे नाही, मानेमुळेच त्याला कासव म्हणायला लागले असतील.

"नीट सांग," जळूबाई म्हणाल्या. "मला गाड्यांतलं काही कळत नाही, आणि उद्या दुपारनंतर तुला सांगायचं असलं तरी कुणी ऐकणार नाही."

त्याने उसासा टाकला. "दारात पोलाद घातलं की दार जड होतं. जड झालं की उघडल्यावर खाली वाकतं. म्हणून आम्ही बिजागरी बसवतानाच दार नखभर वर चढवून ठेवतो. वजनाने ते खाली येतं आणि चौकटीत बरोबर बसतं."

"आणि वजन काढून घेतलं तर?"

"तर वरच राहील. डोकं आपटत राहील चौकटीला." तो थांबला. मग त्याने पहिल्यांदाच मान वर काढली. "मॅडम, आपटतंय का ते?"

जळूबाईंनी वहीचं पान उलटलं. आरोपीला आशा दाखवणं त्यांना आवडायचं नाही. ती खोटी ठरली तर परत घेता येत नाही.

"पत्रा काढायला काय लागतं?"

"आतलं अस्तर सोडवायचं, बोल्ट काढायचे आणि पत्रा उचलायला एक दणकट गडी. पत्र्याचं काम येणारा कुणीही काढेल. पण काढेल कशाला? माझ्याकडे तर गाडी त्यानंतर आलेलीच नाही."

"तू पत्रा घातला होतास याला साक्षीदार कोण?"

"वकीलसाहेब." त्याच्या तोंडावर कडवटपणा आला. "आता ते यायचे साक्षीला? माझी एक पद्धत आहे, मॅडम. गाडी द्यायच्या दिवशी मालकासमोर प्रत्येक दारावर हातोडी मारतो. आवाज त्याच्या कानाने त्याला ऐकवतो. म्हणजे नंतर किटकिट नको. त्या दिवशी वकीलसाहेब होते आणि त्यांचा ड्रायव्हर होता."

"ड्रायव्हरने जबाबात हे सांगितलं नाही."

"त्याला कुणी विचारलं का?"

जळूबाईंनी जबाबाचा कागद मनात पुन्हा वाचला. त्यात गोळ्या होत्या, मोटरसायकल होती, कोण कुठे बसलं होतं ते होतं. हातोडीबद्दल खरंच कुणी विचारलं नव्हतं. आपल्याच खात्याची त्यांना लाज वाटली.

३

ड्रायव्हर घरी पलंगावर बसला होता. तो बडबड्या म्हणून प्रसिद्ध होता, पण त्या दिवसापासून त्याचं बोलणं निम्म्यावर आलं होतं. निम्मं म्हणजेही पुष्कळच होतं म्हणा.

"सगळं शिकवलं होतं तसंच केलं मी," तो म्हणाला. "थांबायचं नाही, मागे बघायचं नाही, सरळ दवाखाना गाठायचा. खड्ड्यात आपटून मागचा टायर फुटला, तरी गाडी पळाली. सिस्टरनी पेटी उघडून जखम दाबून धरली. वकीलसाहेबांच्या आई, आख्खा जन्म नर्स होत्या, सगळे त्यांना सिस्टरच म्हणतात. हात जरा हलला नाही त्यांचा. सगळं बरोबर झालं, मॅडम. त्या एका दाराने दगा दिला."

"गाडी घेतलीत त्या दिवशी कासवदादाने हातोडी मारली होती?"

"मारली की. कान किटले माझे. चारही दारांवर."

"आवाज?"

"ठप. चारही ठप." आणि मग त्याचा चेहरा बदलला. आपण काय बोललो ते त्याच्या ध्यानात आलं. "म्हणजे डाव्या दारातसुद्धा पोलाद होतं?"

"होतं. मग गेलं कुठे, ते मी शोधतेय. गाडी मधे कुठे सोडली होती?"

ड्रायव्हरने डोकं खाजवलं. "धाकट्या साहेबांकडे. वकीलसाहेबांचे भाऊ, त्यांचं गाड्यांच्या पत्र्याचं नि रंगाचं वर्कशॉप आहे. वकीलसाहेब म्हणाले ओरखडा पडलाय, रंग मारून घेतो. मला राग आला होता तेव्हा. माझ्या हातून ओरखडा? दाखवा म्हटलं कुठे आहे. तर हसले नुसते."

"आणि परत आल्यावर दार हलकं लागलं असेल."

"मला कसं कळणार? मी पुढे. मागचं डावं दार तेच उघडायचे. म्हणायचे, तू स्टिअरिंग सोडू नकोस. घासल्याचा आवाज यायचा तेवढा. मी म्हटलं कासवदादाला दाखवूया, तर नको म्हणाले."

जळूबाई उठल्या. गुडघे कुरकुरले. दारापर्यंत गेल्या आणि तिथून, जाता जाता विचारावं तसं विचारलं, "वकीलसाहेब पहिल्यापासून डावीकडेच बसायचे?"

"छे. डावीकडे सिस्टर बसायच्या. त्या बाजूने फुटपाथवर उतरता येतं ना. साहेब उजवीकडे. नंतर उलटं झालं. सिस्टर डावीकडून चढायच्या आणि मग साहेब त्यांना आत उजवीकडे सरकवायचे. दर वेळी. त्या वैतागायच्या, गुडघे दुखतात म्हणायच्या. पण साहेब ऐकायचे नाहीत."

"नंतर म्हणजे कधीपासून?"

ड्रायव्हरने विचार केला. "गाडी रंगवून आणली तेव्हापासून," तो म्हणाला.

४

सिस्टर ताठ बसल्या होत्या. घर असं स्वच्छ की जळूबाईंना आपल्या बुटांची काळजी वाटली. खुर्च्या भिंतीला सरळ रेषेत, टेबलावर चष्मा, चष्म्याशेजारी औषधं ओळीने लावलेली.

"त्याला फाशी कधी?" सिस्टरनी विचारलं.

"कुणाला?"

"त्या कासवाला. माझ्या मुलाने विश्वास टाकला त्याच्यावर. मी बोटाने दाबून धरलं होतं रक्त, बाई, आणि मला कळत होतं की पुरणार नाही. असंख्य लोकांची नाडी बघितली आहे मी. माझ्या मुलाची जात होती तेव्हा मला काही करता आलं नाही." आवाज कापला नाही. त्यामुळे ते ऐकणं जास्त कठीण झालं. "उद्या कोर्टात मी येणार आहे. मला त्याचं तोंड बघायचंय."

जळूबाईंनी पाण्याचा घोट घेतला. या बाईंना काय विचारायचं ते त्यांना ठाऊक होतं, आणि विचारू नये असंही फार वाटत होतं. पण बाकावर बसलेली ती दुसरी बाई डोळ्यांसमोरून हलत नव्हती.

"गाडीची दारं तुम्हाला जड व्हायची का?"

"जड? तिजोरी होती ती. एकदा आम्ही बाजारात गेलो होतो. गाडी उतारावर उभी केलेली. मुलगा काहीतरी आणायला उतरला, ड्रायव्हरही उतरला. मला आत कोंडल्यासारखं झालं. काच उघडत नाही. दार ढकलते, ढकलते, हलत नाही. घामाने निथळले. ओरडले तर बाहेर आवाज जाईना, काचाच तशा. ते परत आले तेव्हा मी रडत होते. मी, बाई. आख्ख्या वॉर्डाला ओरडणारी." त्यांनी पदराने ओठ पुसले. "त्याला सांगितलं, या तिजोरीत मी परत पाय ठेवणार नाही. रिक्षाने जाईन, चालत जाईन, पण यात नाही. उघडता येत नाही ते दार काय कामाचं?"

"मग?"

"मग त्याची रडारड. आई, धमक्या तुझ्या नावानेही येतात. आई, रिक्षात तुला कोण वाचवणार. मी म्हटलं, मेले तर मेले, पण कोंडून नाही मरायची. बरेच दिवस अबोला धरला मी. शेवटी एकदा तो म्हणाला, बिजागरीला तेल घातलंय, बघ उघडून. आणि काय सांगू, एका हाताने उघडलं. एवढ्याशा तेलाचं काम होतं बघा. ते आधी सुचलं नाही कुणाला."

जळूबाईंनी पाण्याचा पेला खाली ठेवला.

"काय झालं?" सिस्टरनी विचारलं. रोग्याच्या नातेवाइकांचे चेहरे वाचण्यात जन्म गेलेला, त्यांच्यापासून चेहरा लपवणं सोपं नव्हतं.

"काही नाही. धाकट्या चिरंजिवांचं वर्कशॉप कुठे आहे?"

५

वर्कशॉपच्या दारातच जळूबाई अडखळल्या. समोरच्या गटारावर एक लोखंडी पत्रा आडवा टाकला होता, गाड्या आत घ्यायला. पाय त्याच्या कडेला लागला आणि त्यांनी सवयीने खाली पाहिलं. मग कुरकुरणाऱ्या गुडघ्यांवर चक्क खाली बसल्या.

पत्रा जाड होता. एक कड सरळ, दुसरी गोलसर, चाकाच्या कमानीजवळ वळावी तशी. कडेने बोल्टची भोकं. आणि मधोमध एक चकचकीत, ताजी चीर. कुणीतरी तो कापायला घेतला होता आणि अर्ध्या बोटावर हार मानली होती. शेजारी कापायच्या झिजलेल्या चकत्यांचा ढीग पडला होता.

धाकटा बाहेर आला. हाताला राखाडी रंग, डोळे सुजलेले. त्याने जळूबाईंना पाहिलं, त्या कुठे बसल्यात ते पाहिलं, आणि त्याचं सगळं अवसान गळालं.

"साध्या पत्र्याला एक चकती पुरते," जळूबाई म्हणाल्या. "इथे कितीतरी गेल्या. गोळी अडवणारं पोलाद असं थोडंच कापलं जातं. आत चला. बसून बोलू."

आत रंगाचा उग्र वास होता. धाकटा एका उपड्या डब्यावर बसला.

"दादाने सांगितलं म्हणून काढला," तो म्हणाला. "मी नको म्हटलं होतं. भांडलो त्याच्याशी. म्हटलं कासवदादाकडे ने, तो काहीतरी मार्ग काढेल. तर म्हणाला, कासवदादा मला दारातही उभं करणार नाही. एक पत्रा काढला तर गाडीचा डबा होतो म्हणेल. मग म्हणाला, तू काढत नसशील तर दुसऱ्याकडून काढून घेतो. तेव्हा काढला मी."

"आणि गटारावर टाकलात."

"मोठ्या गाड्या आत घ्यायला बरा होता. परवा दादा गेल्यावर तो बघवेना. तुकडे करून फेकून द्यायचा होता. कापता येईना, मॅडम. मी वेड्यासारखा कापत बसलो होतो." त्याने तळव्यांनी डोळे दाबले. "मी त्याला विचारलं होतं, आई त्याच दाराशी बसते, तिला काही झालं तर? तो म्हणाला, तिथे मी बसेन. आईला पलीकडे बसवेन. तिच्याभोवती तिन्ही बाजूंनी पोलाद राहील आणि चौथ्या बाजूला मी."



"कासवदादा आत आहे हे तुम्हाला ठाऊक होतं," जळूबाई म्हणाल्या. त्यांना त्याचा राग आला होता आणि त्याची कीवही आली होती, आणि दोन्ही एकाच वेळी आल्यामुळे त्यांना अधिकच राग येत होता.

"होतं."

"त्याची बायको सकाळपासून ठाण्यात बाकावर बसून आहे."

"आईला कळलं तर ती जगणार नाही, मॅडम. दादाने मला शपथ घातली होती. तिला तेलाचंच माहीत आहे. तुम्ही असं सांगा ना, की पत्रा माझ्या हातून चुकून निघाला. दुरुस्तीला काढला आणि बसवायचा राहिला. मी जाईन तुरुंगात. खुशाल जाईन."

ते सोपं होतं. एक निर्दोष माणूस सुटला असता आणि एका म्हातारीला कळलं नसतं. जळूबाईंनी क्षणभर तो विचार खरोखरच करून पाहिला. मग मान हलवली.

"चुकून राहिला म्हणालात तर त्या एकच प्रश्न विचारतील. मग तो मला रोज उजवीकडे का सरकवायचा? त्याचं उत्तर तुम्हाला देता येईल? मला नाही येणार. आणि आज नाही विचारलं, तर एखाद्या दिवशी एकट्या असताना तो प्रश्न त्यांच्या डोक्यात येईल. तेव्हा शेजारी कुणी नसेल."

धाकट्याने मान खाली घातली.

"त्यांना घेऊन या," जळूबाई म्हणाल्या. "उद्या कोर्टाच्या आधी."

६

आवारात ऊन होतं. साहेब सावलीत उभे राहून घड्याळ बघत होते. धाकटा आईचा हात धरून आला. गटारावरचा पत्रा एका हवालदाराने आधीच आणून गाडीच्या डाव्या दाराला टेकवून ठेवला होता, आणि तो तिथे इतका तंतोतंत बसत होता की साहेबांनीसुद्धा घड्याळ बघायचं सोडलं. कासवदादाला कोठडीतून आणून एका बाजूला उभं केलं होतं. सिस्टरनी त्याच्याकडे अशा नजरेने पाहिलं की त्याने मान आत ओढून घेतली.

"आधी मारेकऱ्यांचं सांगते," जळूबाई म्हणाल्या. "दार पोकळ आहे हे कुणी त्यांना सांगितलं असतं, तर चारही गोळ्या त्याच दारावर बसल्या असत्या. दोन पुढच्या दारावर, एक काचेवर आणि एकच इथे. मोटरसायकल डावीकडून पुढे गेली आणि जे समोर आलं त्यावर झाडत गेले. दगाफटका कुणीच केला नाही. ही एक गोळी इथे लागली, बस."

"आणि पोकळ दार?" साहेबांनी विचारलं.

"ते पोकळ नव्हतं. गाडी दिली त्या दिवशी चारही दारं सारखीच वाजली होती, ड्रायव्हरने ऐकलंय. चौकटीच्या वर बघा, घासलंय. जड दारासाठी चढवलेली बिजागरी आहे ती. म्हणजे आधी दार जड होतं, मग हलकं झालं. हा त्यातला पत्रा. कासवदादाने तो बसवला होता. काढला दुसऱ्याने."

"कुणी?" सिस्टरनी विचारलं.

जळूबाई सिस्टरच्या समोर जाऊन उभ्या राहिल्या. ही गोष्ट लांबून सांगायची नसते, एवढं त्यांना कळत होतं.

"तेलाने एवढं जड दार हलकं होत नाही, आजी."

सिस्टरनी पत्र्याकडे पाहिलं. मग डाव्या दाराकडे. पुढे जाऊन त्यांनी ते उघडलं, एका हाताने, आणि बंद केलं. फेरी मारून त्या उजव्या दाराशी गेल्या. ते ओढताना त्यांना दोन्ही हात लावावे लागले. मग तशाच उभ्या राहिल्या, हात दारावर ठेवून.

"म्हणून मला इकडे सरकवायचा," त्या म्हणाल्या.

"हो."

"मी म्हणायचे, मेल्या, माझे गुडघे दुखतात, उन्हाच्या बाजूला बसवतोस. शेवटच्या दिवशीसुद्धा म्हणाले. डोळ्यांच्या डॉक्टरकडून येत होतो. म्हणाले, तुला आईची काही पडलेली नाही." त्यांनी धाकट्याकडे पाहिलं. "तू काढलास?"

"दादा म्हणाला म्हणून, आई."

"आणि मी म्हणाले म्हणून दादा." त्यांनी ते अगदी साधेपणाने म्हटलं, औषधाचा डोस सांगावा तसं. मग साहेबांकडे वळल्या. "या माणसाला सोडा. त्याने काम चोख केलं होतं."

साहेब काहीतरी पुटपुटले. हवालदार कागदपत्रं आणायला आत गेला. बातमी बाकापर्यंत कशी पोचली कुणास ठाऊक, पण कासवदादाची बायको आवाराच्या फाटकात येऊन उभी राहिली होती, तोंडाला पदर लावून.

सिस्टर मात्र गाडीत चढत होत्या. उजव्या बाजूने, उघड्या दारातून, आपल्या नेहमीच्या जागेवर. शेजारच्या सीटवर कुणीतरी चादर टाकली होती. त्यांनी तिकडे पाहिलं नाही.

"दार लावा," त्या म्हणाल्या.

"आई, चल ना घरी."

"लाव म्हटलं ना."

धाकट्याने दार लावलं. आतून त्यांचे ओठ हलताना दिसले, आवाज आला नाही. त्यांनी कडी ओढली आणि दोन्ही हातांनी दार ढकललं. हललं नाही. पुन्हा ढकललं. चेहरा लाल झाला. धाकटा पुढे धावणार, तोच कासवदादा त्याच्या आधी दाराशी पोचला आणि त्याने ते फटीएवढं उघडून धरलं.

"हातांनी नाही, आजी," तो म्हणाला. "हातांत कुणाच्याच एवढा जोर नसतो. थोडं आडवं व्हा. पाठ सीटमधल्या त्या हात टेकायच्या उशीला लावा. एका हाताने कडी ओढून धरा आणि दोन्ही पावलं दारावर. मग पाय सरळ करा. बस. उतारावरसुद्धा उघडतं."

त्याने दार लावलं आणि बाजूला झाला.

सिस्टरनी चपला काढल्या. सीटवर तिरक्या झाल्या, पातळ सावरलं, दुखणारे गुडघे पोटाशी घेतले आणि पावलं दाराला लावली. कडी वाजली. दार सावकाश, पण कुठेही न अडता, बाहेर आलं आणि पूर्ण उघडलं.

त्या आपल्या पायांकडे बघत राहिल्या.

"एवढंच होतं?" त्यांनी विचारलं.

कासवदादाने मान हलवली.

"हे त्याला माहीत होतं?"

"गाडी दिली तेव्हा दाखवलं होतं, आजी. मी म्हटलंही, घरच्यांना एकदा करून दाखवा. बायामाणसांना, म्हाताऱ्यांना, सगळ्यांना." तो अडखळला. पुढचं बोलावं की नाही, हे त्याला कळेना. "वकीलसाहेब म्हणाले, आईला कुठे जमणार हे. मी असतोच शेजारी."

जळूबाईंनी दुसरीकडे पाहिलं. धाकटा तिथेच जमिनीवर बसला, गुडघ्यांत डोकं घालून.

"मला विचारायचं ना त्याने," सिस्टर म्हणाल्या. "मला एकदा विचारायचं होतं." आता मात्र आवाज फुटला. त्यांनी नाक ओढलं, पदराने डोळे कोरडे केले आणि पावलं पुन्हा वर घेतली.

"कासवदादा, लावा परत."

फाटकात बायको वाट बघत होती आणि कासवदादा आता मोकळा होता, केव्हाही जाऊ शकत होता. त्याने दार लावलं. सिस्टरनी ते उघडलं. त्याने पुन्हा लावलं आणि त्यांनी पुन्हा उघडलं. थांबा म्हणायला कुणीच पुढे झालं नाही.